संख्याशास्त्राच्या वर्गात कोण उरतं?

संभाव्यतेच्या पेपरात हमखास येणारा एक प्रश्न घ्या. पत्त्यांच्या कॅटमधून एकापाठोपाठ एक दोन पत्ते काढले, पहिला परत ठेवला नाही. दोन्ही पत्ते चित्राचे असण्याची संभाव्यता काढा. उत्तर आहे १२/५२ गुणिले ११/५१, म्हणजे साधारण ०.०५. एका उत्तरपत्रिकेत मात्र १६/५२ गुणिले १५/५१ असं लिहिलेलं असतं आणि उत्तर येतं ०.०९. परीक्षक लाल फुली मारतो आणि पुढचा पेपर ओढतो.

त्या चुकीकडे जरा निरखून बघितलं तर काय दिसतं? पहिला पत्ता गेल्यावर ५१च उरतात, हे या विद्यार्थ्याला कळलेलं आहे. चित्राच्या पत्त्यांतलाही एक कमी झाला, हेही कळलेलं आहे. दोन घटना ओळीने घडायच्या तर गुणाकार करायचा, तोही त्याने बरोबर जागी केलाय. सशर्त संभाव्यता म्हणून जो धडा या प्रश्नातून तपासायचा होता, तो त्याचा पक्का आहे. त्याला माहीत नव्हतं ते एवढंच, की चित्राचे पत्ते म्हणजे फक्त राजा, राणी आणि गुलाम, एक्क्याला त्यांत धरत नाहीत. ज्याच्या घरात पत्ते कधी आलेच नाहीत त्याला हे कुठून माहीत असणार? मग गुणपत्रिकेत जे शून्य नोंदवलं गेलं ते नेमकं कशाचं मोजमाप होतं?

हा प्रश्न संख्याशास्त्राच्या माणसाला तरी नव्याने सांगावा लागू नये. मोजायचं होतं एक आणि साधनाने मोजलं भलतंच, तर त्या आकड्यांवर कोणी निष्कर्ष काढू देत नाही. दुसऱ्या कोणाच्या सर्वेक्षणातला असा दोष आपण तावातावाने दाखवून देतो. पण सत्र संपलं की स्वतः काढलेल्या पेपराचे गुण मात्र पाऊस मोजून आणल्यासारखे निमूट मान्य करतो, वर त्यांची सरासरी आणि प्रमाण विचलनही काढतो. समावेशक आणि समन्यायी अध्यापन म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे सवलती, वाढीव गुण, सोपे पेपर येतात. माझं म्हणणं त्याहून बरंच कोरडं आहे. इतरांच्या डेटाला आपण जे नियम लावतो तेच स्वतःच्या वर्गाला लावावेत. समन्यायाचा निम्म्याहून अधिक भाग त्यातच येऊन जातो.

त्यासाठी लागणारी हत्यारंही घरातलीच आहेत. मँटेल आणि हेन्झेल यांची कसोटी १९५९ साली रोगांच्या अभ्यासासाठी आली. १९८०च्या दशकात मोठ्या परीक्षा घेणाऱ्यांनी ती प्रश्न तपासायला वापरायला घेतली. कल्पना साधी आहे. पेपरात एकूण गुण सारखे असलेले विद्यार्थी एकत्र घ्यायचे. त्यांचे दोन गट पाडायचे, समजा अध्यापनाची भाषा घरात बोलली जाते ते आणि जात नाही ते. मग एकेका प्रश्नावर बघायचं की सारख्याच कुवतीचे हे दोन गट सारखेच यशस्वी होतात का. एखाद्याच प्रश्नावर एक गट सातत्याने मागे पडत असेल, तर तो प्रश्न विषयाबाहेरचं काहीतरी तपासतोय अशी शंका घ्यायला जागा आहे. ही कसोटी आपण शिकवतो, तिच्यावर प्रश्न काढतो. आपल्याच पेपरावर ती चालवणारे विभाग शोधावे लागतील.

पत्ते हे सहज सापडणारं उदाहरण झालं. खरी गळती डेटा सायन्सच्या पहिल्या प्रात्यक्षिकात होते. तिथला प्रसंग बहुतेक शिक्षकांनी पाहिलेला असेल. फळ्यावर लिहिलेलं असतं: डेटाची फाइल उतरवून घ्या, प्रोग्रॅममध्ये वाचा, पहिल्या सहा ओळी दाखवा. तीन मिनिटांचं काम. निम्मा वर्ग पुढे जातो. उरलेल्यांच्या पडद्यावर लाल अक्षरं येतात, अशी फाइल किंवा फोल्डर अस्तित्वात नाही. फाइल तर आत्ताच उतरवली! कुठे गेली? आजवर ज्याने सगळं फोनवर केलं त्याच्यासाठी फाइल ‘कुठे’ नसतेच. ती ॲपमध्ये असते, शोधली की सापडते. फोल्डरच्या आत फोल्डर, त्याचा पत्ता, तो पत्ता लिहिताना एका संगणकावर उजवीकडे झुकलेली रेघ तर दुसऱ्यावर डावीकडे झुकलेली, ही सगळी एका पिढीने टेबलावरच्या संगणकावर बसून अंगवळणी पाडून घेतलेली गोष्ट आहे. ती अभ्यासक्रमात कुठेच लिहिलेली नसते, कारण ज्यांनी अभ्यासक्रम लिहिला त्यांना ती शिकल्याचं आठवत नाही.

दीड तासाने तास संपतो. ज्याची फाइल सापडली त्याने आलेख काढलाय. ज्याची सापडली नाही तो एका ठाम निष्कर्षाने बाहेर पडतो: हा विषय आपला नाही. संख्याशास्त्र अजून सुरूसुद्धा झालेलं नसतं.

यावर उपाय अगदी कंटाळवाणे आहेत, म्हणूनच बहुधा त्यांवर परिसंवाद होत नाहीत. पहिले तीन-चार आठवडे काहीही बसवायला न लागणारी, ब्राउझरमध्ये चालणारी, कोड लिहायची वही (नोटबुक) वापरा. डेटा तिच्यात आधीच भरून ठेवा. फोल्डर आणि पत्ता हा विषय नंतर एक पूर्ण तास देऊन शिकवा, आणि तो शिकवताना ‘हे तर सगळ्यांना येतंच’ हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. त्या एका वाक्याने कितीजण प्रश्न विचारायचे बंद होतात याची मोजदाद नाही, पण त्या वाक्यानंतर हात वर येत नाही हे कोणीही बघू शकतं. गृहपाठ असा द्या की स्वतःचा लॅपटॉप नसलेल्याला तो प्रयोगशाळेच्या वेळातच पुरा करता येईल. आर आणि पायथन फुकट आहेत म्हणून डेटा सायन्स सर्वांना खुलं आहे असं मोठ्या उत्साहाने सांगितलं जातं. भाषा फुकट आहे. यंत्र, वीज, इंटरनेट आणि रात्री शांतपणे बसायची जागा फुकट नाही.

गणिताच्या पूर्वतयारीचा प्रश्न याहून अवघड आहे. त्यासाठी आपल्याच विषयातलं एक गाजलेलं उदाहरण पुन्हा उघडतो. १९७३ साली अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात पदव्युत्तर प्रवेशासाठी ८४४२ पुरुषांनी आणि ४३२१ स्त्रियांनी अर्ज केले. पुरुषांपैकी साधारण ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला, स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना. १९७५ साली बिकल, हॅमल आणि ओकॉनेल यांनी विभागवार आकडे तपासले, तेव्हा हा फरक जवळपास नाहीसा झाला. उलट थोडासा झुकाव स्त्रियांच्या बाजूने दिसला. स्त्रियांचे अर्ज अशा विभागांत जास्त होते जिथे मुळात प्रवेश मिळणंच कठीण होतं. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. वर्गात इथवर येऊन धडा संपतो, ‘बघा, भेदभाव नव्हताच’ असा एक सुस्कारा सोडून.

मूळ लेख मात्र तिथे थांबलेला नाही. सहज प्रवेश मिळणारे विभाग बहुतांशी गणिताची तयारी मागणारे होते, हे लेखकांनी नोंदवलंय. स्त्रिया गर्दीच्या, कमी निधीच्या शाखांकडे वळतात त्यामागे त्यांची आधीची जडणघडण आणि शिक्षण आहे, असंही त्यांनी लिहिलंय. म्हणजे चाळणी लागली होती. फक्त प्रवेश समितीच्या टेबलापेक्षा कितीतरी आधी. तिथे कुठलाच अर्ज नव्हता, म्हणून कुठला आकडाही नव्हता. एका विषयाने स्वतःच्या सर्वांत आवडत्या उदाहरणाचा उत्तरार्ध गाळून शिकवावा, आणि तो उत्तरार्ध गणिताच्या दारावर कोण अडवलं जातं याबद्दल असावा, हा योगायोग मला तरी साधा वाटत नाही.

मग गणित काढून टाकायचं का? मुळीच नाही. प्रश्न क्रमाचा आहे. दोन गटांच्या सरासरीतला फरक योगायोगाने आला असेल का, ही अनुमानाची मध्यवर्ती कल्पना. ती शिकवायचा एक मार्ग टी-वितरण, त्याची सूत्रं आणि मागचा तक्ता यांतून जातो. दुसरा असा: चाळीस जणांचे गुण चाळीस चिठ्ठ्यांवर लिहा, चिठ्ठ्या पिसा, डोळे मिटून वीस-वीसचे दोन ढीग करा, सरासरींतला फरक काढा. पुन्हा पिसा, पुन्हा काढा. पाच-दहा वेळा हाताने, मग हजार वेळा संगणकाकडून. खरा फरक या हजार फरकांच्या गर्दीत कुठे बसतो ते बघा. ही पळवाट नव्हे. क्रमपर्यायांची ही कसोटी संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३५ साली मांडलेल्या विचारातून आलेली आहे, आणि टी-कसोटीला तिची झटपट हाताने करता येणारी जवळपासची आवृत्ती म्हणता येतं. संगणक नव्हता म्हणून ती आवृत्ती मुख्य रस्ता झाली. आता संगणक आहे. सूत्र नंतर येऊ द्या, ज्याला पुढे जायचंय त्याच्यासाठी संपूर्ण सिद्धतेसह येऊ द्या. पण कलनशास्त्र कच्चं असलेल्या विद्यार्थ्याला यादृच्छिकतेचा विचारच करता येत नाही, हे गृहीत धरायला काही आधार नाही.

उदाहरणांतल्या डेटाकडे येऊ. इथे गेल्या काही वर्षांत बरीच हालचाल झाली. १९७८ साली हॅरिसन आणि रुबिनफेल्ड यांनी बॉस्टन परिसरातल्या घरांच्या किमतींचा एक संच वापरला. प्रदूषण कमी व्हावं म्हणून लोक किती पैसे मोजायला तयार आहेत, हा त्यांचा प्रश्न. त्या ५०६ ओळींवर पुढच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी आपलं पहिलं रिग्रेशन, म्हणजे काही रकान्यांवरून दुसऱ्या रकान्याचा अंदाज बांधणारं गणित, चालवलं. त्यातल्या ‘बी’ नावाच्या रकान्यात वस्तीतलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण थेट दिलेलं नाही. त्या प्रमाणातून ०.६३ वजा करून, वर्ग करून, हजाराने गुणून आलेली संख्या दिली आहे. यात दोन गोष्टी दडल्यात. पहिली, शेजाऱ्यांचा वर्ण घराच्या किमतीवर असा वळण घेऊन परिणाम करतो हे गृहीतक डेटाच्या आतच शिवून टाकलंय. दुसरी, मूळ प्रमाण नेहमी परत काढता येत नाही: ५० टक्के आणि ७६ टक्के, दोन्हींना १६.९ हाच आकडा येतो. हजारो प्रकल्पांत हा रकाना ‘आणखी एक चल’ म्हणून मॉडेलमध्ये ढकलला गेला. पायथनच्या सायकिट-लर्न या संग्रहाने १.२ या आवृत्तीपासून हा संच काढून टाकला. माझ्या मते तो कामातून काढावा, पण एका तासासाठी जरूर आणावा. एका रकान्यात एवढा धडा क्वचित मिळतो.

आयरिसच्या फुलांच्या गाजलेल्या संचाचंही तसंच. तीन जाती, प्रत्येकी ५० फुलं, मोजमापं एडगर अँडरसन यांची, विश्लेषण फिशर यांचं, वर्ष १९३६. हा लेख ज्या नियतकालिकात छापून आला त्याचं नाव ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’. युजेनिक्स म्हणजे निवडक प्रजननाने माणसाचा वंश ‘सुधारायचा’ विचार. आता बरेच शिक्षक त्याऐवजी अंटार्क्टिकाजवळच्या पाल्मर बेटांवरचे पेंग्विन वापरतात, ३४४ पक्षी, जाती तीनच. २०२५ पासून तर तो संच आर भाषेसोबतच येतो. पेंग्विन गोड आहेत आणि त्यांच्या डेटात गहाळ नोंदीही आहेत, जे शिकवायला उत्तमच. पण फुलं काढून पक्षी ठेवले आणि पेपर, प्रयोगशाळा, वेळापत्रक तेच राहिलं, तर समावेशनाच्या नावावर आपण फक्त चित्र बदललंय. हा सगळ्यांत स्वस्त बदल आहे. म्हणूनच तो सगळ्यांत आधी होतो आणि कित्येकदा तिथेच संपतो.

इतिहासाबद्दल मला त्याहून अधिक काही हवंय. गाल्टनने ‘युजेनिक्स’ हा शब्द १८८३ साली दिला आणि तीनच वर्षांनी आईवडील व मुलांच्या उंचीवरून रिग्रेशनची कल्पना मांडली. दोन्ही गोष्टी एकाच शोधाच्या पोटातल्या. कार्ल पिअर्सनने १९२५ साली लंडनमधल्या स्थलांतरित ज्यू मुलांवर अभ्यास छापला आणि त्यांच्या सरासऱ्या, सहसंबंध मांडून या लोकांना येऊ देऊ नये अशा बाजूने युक्तिवाद केला. २०२० साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने गाल्टन आणि पिअर्सन यांची नावं इमारती आणि सभागृहांवरून उतरवली. त्याच वर्षी उत्तर अमेरिकेतल्या संख्याशास्त्र संघटनांच्या अध्यक्षांच्या समितीने आपल्या मानाच्या व्याख्यानाला असलेलं फिशरचं नाव काढलं. पाट्या उतरल्या त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दोन गोष्टी किती सोबतीने बदलतात ते सांगणारा पिअर्सनचा सहसंबंध गुणक पेपरात तसाच आहे आणि तसाच राहायला हवा. तो शिकवताना त्याच्याच हातचा तो अभ्यास उघडून बसावं: नमुना कुठून घेतला, तुलना कोणाशी केली, आकडे बरोबर असतील तरी निष्कर्ष कुठे घसरला. दोन गट एकमेकांपासून किती वेगळे हे मोजणारं महालनोबिसांचं अंतर हेही माणसांच्या देहमापनातूनच आलं. कोणत्या मोजमापाने माणसांना वेगळं काढायचं आणि कशासाठी, हा प्रश्न या विषयाच्या पहिल्या दिवसापासून त्याच्यासोबत आहे. त्याच इतिहासात फ्लॉरेन्स नाइटिंगेल आहेत, ज्यांनी सैनिकांच्या मृत्यूचे आकडे आकृतीत मांडून सरकारला हलवलं. आणि १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या जीवनाचे हाताने रंगवलेले तक्ते मांडणारे डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइसही आहेत. त्यांना ‘विशेष दिनी’ आठवायची गरज नाही. आलेखाच्या धड्यात त्यांची जागा आहे.

आता ज्यांना आलेख दिसतच नाही, किंवा नीट दिसत नाही, त्यांच्याबद्दल. लाल आणि हिरवा वेगळा न ओळखता येण्याचं प्रमाण उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के आहे, स्त्रियांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास. इतर लोकसमूहांत ते थोडं कमी असलं, तरी मोठ्या वर्गात असा एखादा विद्यार्थी बसलेला असणारच. पायथनमध्ये आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबने २०१७ मध्ये आपली मूळ रंगपट्टी बदलून विरिडिस नावाची केली ती बऱ्याच अंशी याच कारणाने. म्हणजे प्रणालीने स्वतःहून सोय करून दिली. तरी शिक्षक हौसेने लाल-हिरवा परत लावतात. अंध विद्यार्थ्यासाठी माऊसने टिचक्या मारत चालवायचं सॉफ्टवेअर म्हणजे भिंत असते, उलट ओळी टाइप करून चालणारी आरसारखी भाषा त्याच्या पडदा-वाचकाला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, सहज वाचता येते. आलेखाचं शब्दांत वर्णन करून देणारं ‘ब्रेलआर’ नावाचं पॅकेजही आहे. टिपणं स्कॅन करून चित्राच्या रूपात टाकली तर मात्र हे सगळं फुकट जातं.

इथे एक गंमत आहे. आलेखासोबत त्याचं शब्दांतलं वर्णन लिहायला सगळ्या वर्गाला सांगून बघा. ‘हा एक स्तंभालेख आहे’ इथेच बरेचजण अडकतात. काय मोजलंय, कोणत्या दोन गोष्टींची तुलना आहे, फरक किती, अपवाद कुठला, हे चार वाक्यांत सांगता येणं म्हणजेच आलेख समजणं. जे एका विद्यार्थ्यासाठी करावं लागतंय असं वाटत होतं ते प्रत्येकालाच करायला लावण्यासारखं निघतं.

गटात काम दिलं की समावेशन आपोआप झालं, असा एक समज आहे. चार जणांच्या गटाजवळ पाच मिनिटं उभं राहा आणि फक्त कीबोर्ड कोणाच्या हातात आहे ते बघा. सहसा तो आधीपासून प्रोग्रॅमिंग येणाऱ्याच्या हातात असतो. अहवाल नीटनेटका करायचं, सादरीकरणाच्या पाट्या बनवायचं काम दुसऱ्या कोणाकडे गेलेलं असतं, आणि ते कोणाकडे जातं याचा एक ठरावीक साचा असतो. सत्राअखेर चौघांना सारखे गुण मिळतात. कोड लिहायला एकजणच शिकलेला असतो, जो आधीच शिकलेला होता. कीबोर्ड दर पंधरा मिनिटांनी हातोहात फिरवायचा आणि टाइप करणाऱ्याने शेजारी बसलेला सांगेल तेवढंच लिहायचं, एवढा नियम घातला तरी चित्र बदलतं.

या सगळ्याला पुरावा काय, असं विचारणारा सहकारी मला आवडतो. पुरावा आहे, कमी-जास्त ताकदीचा. फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली विज्ञान-गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले: नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याची शक्यता, विद्यार्थ्यांना काहीतरी करायला लावणाऱ्या वर्गाच्या दीडपट निघाली. थिओबाल्ड आणि सहकाऱ्यांच्या २०२० सालच्या अभ्यासात अमेरिकेतले गरीब आणि अल्पसंख्य गटांतले विद्यार्थी व इतर यांच्यातली परीक्षेच्या गुणांची दरी अशा वर्गांत सरासरी ३३ टक्क्यांनी कमी झाली. पण वर्गातला मोठा वेळ खरोखर अशा कामात गेला असेल तिथेच दरी ठळकपणे मिटलेली दिसली. अधूनमधून एखादा प्रश्न विचारणं पुरलं नाही.

दुसरीकडे, आपल्या गटाबद्दलच्या वाईट समजाची नुसती आठवण करून दिली तरी परीक्षेत कामगिरी घसरते, हा स्टील आणि ॲरन्सन यांचा १९९५ सालचा प्रसिद्ध सिद्धान्त. समावेशनावरच्या प्रशिक्षणांत तो आजही सिद्ध झाल्यासारखा सांगितला जातो. नेदरलँड्समध्ये दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलामुलींवर, पद्धत आधी जाहीर करून घेतलेल्या २०१८ सालच्या चाचणीत मुलींच्या गणितावर असा परिणाम दिसला नाही. आपल्या बाजूचा पुरावा म्हणून आपण त्याला झुकतं माप द्यायला लागलो, तर विद्यार्थ्यांना पी-मूल्याचे (नुसत्या योगायोगानेही एवढा फरक दिसण्याची शक्यता) धोके कोणत्या तोंडाने सांगणार? जे टिकलंय त्यावर इमारत उभी करू. ते पुरेसं आहे.

दर्जा घसरेल, हा आक्षेप उरतो. तो मी गांभीर्याने घेतो, कारण काही ठिकाणी तसं झालंही असेल. पण आधी दर्जा कशाचा ते ठरवू. दीड तासात, वही-पुस्तक न बघता, परक्या भाषेतला लांबलचक प्रश्न वाचून उत्तर लिहिणं हे कौशल्य कोणत्या विश्लेषकाला कामावर लागतं? तिथे तो आठवडाभर एकाच डेटाशी झटतो, दहा वेळा शोधतो, दोघांना विचारतो आणि शेवटी एका अनभिज्ञ माणसाला समजेल असं सांगतो. वेळेचा दबाव कमी करून, पहिला प्रयत्न सुधारून परत द्यायची मुभा देऊन, तोंडी स्पष्टीकरण मागून मी दर्जा उतरवत नाही. जे मोजायचं होतं त्याच्या जवळ जातो. उलट अशी परीक्षा पाठ करून पास होणाऱ्याला जड जाते. त्याच्या बाजूने अजून कोणी दर्जाची काळजी व्यक्त केलेली ऐकली नाही.

हा विषय शिकून बाहेर पडलेल्यांच्या हातात काय जातं तेही बघावं. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. चेहऱ्यांच्या प्रणाली पारखायला प्रचलित असलेल्या दोन संचांमध्ये उजळ त्वचेचे चेहरे सुमारे ८० आणि ८६ टक्के निघाले. ही नमुना निवडीतली चूक आहे, पहिल्या वर्षाच्या तिसऱ्या धड्यातली. ती करणाऱ्यांना तो धडा येत नव्हता असं कोण म्हणेल? त्यांना प्रश्न सुचला नाही. आधीच्या एका प्रणालीने स्वतःचा चेहरा ओळखलाच नाही आणि पांढरा मुखवटा लावल्यावर ओळखला, असा अनुभव गाठीशी असलेल्या बुओलाम्विनींना तो सुचला. वेगवेगळ्या घरांतली माणसं खोलीत असली की चुका आपोआप टळतात असा दावा मी करणार नाही. पण प्रश्न सुचण्याची शक्यता वाढते, आणि या धंद्यात निम्मं काम प्रश्न सुचण्याचंच आहे.

हे सगळं करायचं कोणी? शंभर-दीडशेचा वर्ग, तपासणीला मदतनीस नाही, अभ्यासक्रम वरून आलेला, अशा शिक्षकाला ‘समावेशक व्हा’ असं परिपत्रक पाठवणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. एकट्या शिक्षकाच्या चांगुलपणावर टांगलेली व्यवस्था त्याची बदली झाली की कोसळते. प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी ठेवणं, उसने लॅपटॉप, पेपर काढल्यावर विषयाबाहेरची माहिती कुठे लागते एवढंच बघायला दुसऱ्या कोणीतरी तो वाचणं, ही विभागाची कामं आहेत आणि ती विभागाच्या वेळापत्रकात लिहिलेली असायला हवीत.

आणि विभागाने मोजणीही सुरू करावी. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची गोष्ट आपण सगळेच रंगवून सांगतो: परत आलेल्या विमानांवर गोळ्यांच्या खुणा जिथे नाहीत तिथेच चिलखत लावा, असं अब्राहम वाल्डच्या विश्लेषणातून निघालं, कारण तिथे गोळी लागलेली विमानं परतलीच नव्हती. ही गोष्ट सांगून होते आणि सत्राच्या शेवटी शिक्षक अभिप्रायाचे फॉर्म वाटतो, शेवटपर्यंत टिकलेल्यांना. त्यांना शिकवणं आवडलेलं असतं. निकालाची टक्केवारीही परीक्षेला बसलेल्यांवर काढलेली असते, त्यामुळे जितके जास्त मधेच सोडून जातील तितका निकाल चांगला दिसतो. दरवर्षीच्या निकालपत्रात तीन संख्या शेजारी शेजारी छापाव्यात: नाव नोंदवलेले, परीक्षेला बसलेले आणि पुढच्या वर्षी याच विषयात पुढे शिकत राहिलेले. त्या स्त्री-पुरुष, घरची भाषा, आधी प्रोग्रॅमिंग शिकलेले-न शिकलेले अशा फोडीनेही द्याव्यात. छोट्या विभागात एका वर्षाचे आकडे फार लहान असतील, त्यावरून काही म्हणता येणार नाही. तिथे चार-पाच वर्षांचे एकत्र करावेत. आणि पाचापेक्षा लहान संख्या आली तर तो खण रिकामा ठेवावा, म्हणजे कोण सोडून गेलं ते नावानिशी कोणाला ओळखता येणार नाही.